ब्रिटनमधील स्पीडवे : पाव तासाची शर्यत, दोन तासांची व्यवस्था

स्पीडवे म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची मोटरसायकलींची शर्यत. तिच्या संघ-सामन्यात पंधरा हीट, म्हणजे छोट्या शर्यती, असतात आणि प्रत्येक हीट साधारण एका मिनिटात आटोपते. म्हणजे तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला प्रत्यक्ष शर्यत जेमतेम पाव तास पाहायला मिळते आणि उरलेला दीड-पावणेदोन तास तो आयोजकांच्या हवाली असतो. मँचेस्टरमध्ये राहायला आल्यापासून मी या खेळाचा नियमित प्रेक्षक आहे. बेल व्ह्यू एसेस हा माझा संघ आणि गॉर्टनमधील नॅशनल स्पीडवे स्टेडियम हे माझे घरचे मैदान असले, तरी इंग्लंड-स्कॉटलंडमधील इतर ट्रॅकवरही मी हौसेने जातो. शर्यतींच्या दर्जाबद्दल माझी तक्रार जवळजवळ नाहीच. हा अभिप्राय आहे तो त्या उरलेल्या वेळेबद्दल, कारण संध्याकाळ सार्थकी लागली की फुकट गेली याचा निकाल माझ्या अनुभवात नेहमी तिथेच लागलेला आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देणे भाग आहे. पुण्यात बालेवाडीला जानेवारी २०२४ मध्ये झालेली सुपरक्रॉसची स्पर्धा काही वाचकांनी पाहिली असेल. स्पीडवेत तसल्या उड्या आणि उंचवटे नसतात. साडेतीनशे मीटरच्या आसपासचा सपाट लंबवर्तुळाकार ट्रॅक, त्यावर शेल नावाच्या ठिसूळ दगडाचा बारीक चुरा, आणि चार रायडर घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारणार, एवढाच सगळा मामला. बाईक ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. तिला गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. वेग आवरायचा तो मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरवून, त्यामुळे डाव्या वळणावर पुढचे चाक उजवीकडे वळलेले दिसते आणि रायडरचा पोलादी तळाचा डावा बूट जमिनीवर घासत जातो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला शून्य. यजमान संघाची हेल्मेट लाल व निळी, पाहुण्यांची पांढरी व पिवळी, त्यामुळे नवख्या प्रेक्षकालाही दुसऱ्या हीटपासून सगळे समजू लागते. ब्रिटनमध्ये या खेळाची सुरुवात लंडनजवळच्या हाय बीच येथे १९ फेब्रुवारी १९२८ रोजी झाली असे सामान्यतः मानले जाते, आणि १९३६ मध्ये तर वेम्बलीवर त्याचा पहिला जागतिक अंतिम सामना भरला होता. आज गर्दीचे केंद्र पोलंडकडे सरकले आहे, तरी संघ-सामन्याची जुनी ब्रिटिश रीत, म्हणजे हातात छापील प्रोग्रॅम, त्यात पेन्सिलीने स्वतः भरलेले गुण आणि हवेत जळालेल्या इंधनाचा व इंजिनाच्या वंगणातल्या एरंडेलाचा वास, ही इकडेच अस्सल स्वरूपात टिकून आहे. (लहानपणी ज्याचे नाव काढताच मी घरातून पळ काढत असे, त्या एरंडेलाच्या वासासाठी मी आज पैसे मोजतो, हे आईला अजून पटलेले नाही.)

प्रथम घरच्या मैदानाविषयी. मँचेस्टर महापालिकेने बांधलेले हे स्टेडियम २०१६ मध्ये सुरू झाले, आणि त्याची सुरुवात आयोजनाच्या दृष्टीने अगदी नामुष्कीची होती: मार्च महिन्यातला उद्घाटनाचा कार्यक्रमच वळणावरचा पृष्ठभाग शर्यतीलायक नसल्याने ऐन वेळी रद्द करावा लागला. तो पृष्ठभाग पुढे नीट करण्यात आला, आणि आज त्याच ट्रॅकची गणना जगातल्या उत्तम ट्रॅकमध्ये होते. रुंद वळणे, त्यांना दिलेला हलका उतार आणि बाहेरच्या कडेपर्यंत राखलेली पकड यांमुळे इथे मागून येणाऱ्या रायडरला खरोखरच संधी मिळते. ब्रिटिश रायडर डॅन ब्यूली कुंपणाला जवळजवळ खांदा लावून बाहेरून वेग घेतो आणि दोघांना एकाच वळणात मागे टाकतो, हे दृश्य इथे नवलाईचे राहिलेले नाही. ग्रेट ब्रिटनने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये स्पीडवे ऑफ नेशन्स ही देशांच्या संघांची जागतिक स्पर्धा जिंकली ती याच ट्रॅकवर. कार्डिफच्या मोठ्या स्टेडियममध्ये २००१ पासून भरणारी ब्रिटिश ग्रां प्री, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली ब्रिटनमधली फेरी, २०२५ मध्ये जेव्हा इथे आली, तेव्हा एवढ्याशा, सहा हजारांच्या आसपास क्षमतेच्या मैदानात जागतिक स्पर्धा कशी मावणार अशी कुरकूर बरीच झाली. मला स्वतःला तो निर्णय योग्य वाटतो. फुटबॉल किंवा रग्बीच्या मैदानावर काही दिवसांपुरता अंथरलेला ट्रॅक दिसायला भव्य असतो, पण कायमस्वरूपी ट्रॅकची घट्ट बसलेली पकड त्याला क्वचितच येते, आणि शेवटी माणूस छप्पर पाहायला जात नाही.

ट्रॅकची निगा हा व्यवस्थेचा गाभा आहे आणि प्रेक्षकांना त्याची जाणीव सर्वांत कमी असते. कोल्हापूरकडच्या वाचकांना हे कुस्तीच्या हौद्यावरून चटकन लक्षात येईल: तांबडी माती कोरडी पडली की अंगाला खरचटते, जास्त ओली झाली की पाय रुततो, आणि वस्ताद तिला रोज हात लावून पाहतो. शेलचेही तसेच आहे. ते सुकून वरचा थर उडून गेला की खाली गुळगुळीत, निसरडा पृष्ठभाग उरतो. मग जो स्टार्टच्या रेषेवरची टेप (फीत) उठताक्षणी पुढे सुटला तोच जिंकतो आणि बाकीचे तिघे वरातीसारखे त्याच्यामागून चालतात. पाणी जास्त झाले तर चाकांमुळे चर पडतात आणि बाईक अचानक उसळते. म्हणून तीन-चार हीट झाल्या की ट्रॅक्टर फिरवून बाहेर फेकला गेलेला चुरा पुन्हा आत ओढतात, पाण्याचा टँकर एक फेरी मारतो, आणि स्टार्टच्या जागेवर माणसे दाताळ्याने चाकोऱ्या बुजवतात. हे काम चोख चालले असेल तर त्याला लागणारा वेळ मला मुळीच खटकत नाही. उलट, ट्रॅक्टर आतल्या कडेनेच चकरा मारत आहे आणि बाहेरच्या बाजूला चुऱ्याची रास तशीच साचली आहे असे दिसले, की पुढच्या चार हीटचे निकाल मी प्रोग्रॅममध्ये आधीच भरून ठेवू शकतो. काही यजमान संघ आतल्या गेटचा (स्टार्टच्या आतल्या बाजूच्या जागेचा) फायदा मिळावा म्हणून ट्रॅक जाणूनबुजून तसा राखतात, अशी कुजबुज प्रत्येक मैदानावर असते. ती खरी असो वा नसो, अशा संध्याकाळी सामना जिंकूनही माणसे जांभया देत बाहेर पडताना मी पाहिली आहेत.

वेळेच्या बाबतीत नियम मुळात चांगला आहे. हीटची वेळ झाली की दोन मिनिटांची घंटा वाजते, आणि तेवढ्यात जो रायडर टेपपाशी पोहोचत नाही त्याच्यावर बाद होण्याची पाळी येते. हा नियम कसोशीने पाळला गेला तर सामन्याला एक सुरेख लय येते: घंटा, पिट्समधून, म्हणजे बाईक ठेवण्याच्या व दुरुस्तीच्या जागेतून, बाहेर पडणाऱ्या चार बाईक, पायाने माती उकरून स्वतःच्या चाकासाठी खाच करणारे रायडर, हिरवा दिवा, क्षणभराची शांतता आणि मग टेप. पण घंटा कधी वाजवायची हे माणसाच्याच हाती असल्याने खरी ढिलाई तिच्या आधी होते. एका हीटचे चारही रायडर परत येऊन बाईक स्टँडवर लागल्या आहेत, पुढच्या हीटचे चौघे हेल्मेट चढवून बसले आहेत, ट्रॅक मोकळा आहे, आणि तरीही काहीच घडत नाही, असे पाच-सात मिनिटांचे रिकामे तुकडे काही मैदानांवर एका सामन्यात कितीतरी वेळा येतात. त्यावर भर म्हणजे वीस मिनिटांचे जाहीर केलेले मध्यंतर अर्ध्या तासावर जाते, कारण खाण्याच्या खिडकीपुढची रांग संपलेली नसते. सोमवारी किंवा गुरुवारी रात्री साडेसातला सुरू होणारा सामना दहाच्या पुढे गेला, तर दुसऱ्या दिवशी शाळा असलेल्या मुलांचे आईबाप पुढच्या खेपेला येतीलच असे नाही. सामने आठवड्याच्या मधल्या वारांना ठेवण्याचे कारण उघड आहे: तेच रायडर शुक्रवारी आणि रविवारी पोलंडमध्ये, मंगळवारी स्वीडनमध्ये धावत असतात आणि त्यांची मुख्य कमाई तिकडे असते. ते बदलणे ब्रिटिश क्लबांच्या आवाक्यात नाही. घंटा वेळेवर वाजवणे मात्र आहे.

एक भेद येथे नोंदवायला हवा. अपघातानंतर होणाऱ्या विलंबाबद्दल मी कधीही कुरकूर करणार नाही आणि कुठल्याही जाणत्या प्रेक्षकाने केलेली मी ऐकलेली नाही. ब्रेक नसलेल्या बाईकवरून ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने पडणे म्हणजे काय, हे २०१२ मध्ये व्रोत्सवाफ येथे प्राण गमावलेल्या ली रिचर्डसनमुळे आणि २०१५ मध्ये झेलोना गुरा येथे कायमचा अपंग झालेल्या डार्सी वॉर्डमुळे सर्वांना ठाऊक आहे. वळणांवरचे हवा भरलेले कुंपण फाटले किंवा सरकले तर ते पूर्ववत होईपर्यंत, आणि रुग्णवाहिका जखमीला घेऊन गेली तर मैदानावर दुसरी सोय होईपर्यंत, थांबलेच पाहिजे. अशा वेळी निवेदक काय करतो यावर मात्र क्लबाची पारख होते. घरच्या मैदानावर एकदा एक तरुण रायडर बराच वेळ उठला नाही, तेव्हा निवेदकाने संगीत बंद केले, रायडर शुद्धीवर असून बोलतो आहे एवढेच शांतपणे सांगितले, आणि कुंपण दुरुस्तीला किती वेळ लागेल याचा अंदाज दिला. अन्यत्र मी याच प्रसंगी कर्कश गाणी आणि पुढच्या सोडतीच्या जाहिराती ऐकल्या आहेत.

निवेदनाचा विषय निघालाच आहे, तर रेफरीच्या निर्णयांविषयीही बोलले पाहिजे. हीट थांबवली गेली की ज्याच्यामुळे ती थांबली त्या रायडरला वगळून ती पुन्हा घेतली जाते. पहिल्याच वळणावर गर्दीत कोणाचाही ठळक दोष नसताना पडझड झाली तर चौघांनाही परत बोलावले जाते. टेप उठण्याआधी हालचाल केली तर तंबी मिळते. हे सगळे निर्णय स्टार्टच्या रेषेसमोर उंचावर बसलेला एकच माणूस काही सेकंदांत देतो आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतात. पण प्रेक्षकांना दिसतो तो फक्त वगळलेल्या हेल्मेटच्या रंगाचा दिवा. त्यामागचे कारण एका वाक्यात सांगितले गेले, तर निम्मी आरडाओरड जागच्या जागी शमेल, आणि नव्या माणसाला खेळ शिकायला मिळेल. मी सोबत नेलेल्या प्रत्येक मराठी मित्राने पहिला प्रश्न हाच विचारला आहे की तो पडला कशामुळे आणि बाहेर काढले दुसऱ्यालाच का. उत्तर मी देतो. देण्याचे काम खरे तर लाउडस्पीकरचे आहे.

पाऊस हा ब्रिटनमधला कायमचा पाहुणा, त्यामुळे सामना रद्द होणे यात कोणाचा दोष नसतो. दोष असतो तो केव्हा आणि कसे कळवले यात. दुपारी बाराला सामना रद्द केल्याचे जाहीर करणारा क्लब तिकिटाचे उत्पन्न गमावतो, पण प्रेक्षकाची संध्याकाळ वाचवतो, आणि अशा क्लबाबद्दल माझ्या मनात आदर आहे. याउलट एका क्लबाचा अनुभव असा की दिवसभर रिपरिप चालू असूनही संकेतस्थळावर ‘सामना होणार’ हेच झळकत राहिले. दीड-दोन तास गाडी चालवून आम्ही पोहोचलो, पार्किंगचे पैसे घेतले गेले, प्रोग्रॅम विकले गेले, आणि मग दोन्ही कर्णधार व रेफरी पहिल्या वळणावर चालत गेले. एका कर्णधाराने बुटाची टाच मातीत रोवली, ती घोट्यापर्यंत आत गेली आणि बाहेर काढताना आलेला पचकन आवाज आम्हाला कठड्यापाशी स्पष्ट ऐकू आला. त्यानंतरही निर्णय जाहीर व्हायला वीस मिनिटे लागली. तिकीट पुढच्या तारखेला चालेल असे सांगितले गेले, पण ती तारीख माझ्या सोयीची नव्हती, आणि रोख परताव्याविषयी खिडकीवर कोणालाच काही सांगता येईना. पोलंडच्या वरच्या लीगमध्ये ट्रॅक झाकण्यासाठी ताडपत्री बाळगणे सक्तीचे आहे; ब्रिटिश क्लबांच्या तिजोरीला तो खर्च झेपणारा नसेल हे मान्य, पण दुपारी चार वाजता ट्रॅक पाहून खरी स्थिती लिहून टाकायला पैसे लागत नाहीत.

पोलंडचे नाव घेतले म्हणून तिकडे सारे आलबेल असते असा समज करून घेऊ नये. तोरुन्यच्या मोटोअरेनात, जिथे प्रेक्षकांवर छत आहे आणि सगळा गाव संघाचे रंग अंगावर घालून येतो, तिथे मी जी शिस्त पाहिली ती इकडे स्वप्नवत वाटते. पण एप्रिल २०१५ मध्ये वॉर्सातील राष्ट्रीय स्टेडियमवर, पोलंडच्या माजी जगज्जेत्या टोमाश गोलोबच्या निरोपासाठी पन्नास हजारांहून अधिक लोक जमले असताना, स्टार्टची टेप-यंत्रणा पुन्हा पुन्हा बिघडली, ट्रॅकबद्दल रायडरांनी नापसंती दर्शवली, आणि बारा हीटनंतर ग्रां प्री तिथेच संपवावी लागली. जगज्जेते रायडर, अवाढव्य स्टेडियम, दूरचित्रवाणीचा पैसा, सगळे हजर होते. वर उचलली जाणारी एक फीत तेवढी वेळेवर उचलली गेली नाही. छोट्या ब्रिटिश मैदानावर हे यंत्र वर्षानुवर्षे तोच स्वयंसेवक सांभाळतो आणि हीटच्या आधी हाताने ओढून तपासतो, ही गोष्ट मला त्या रात्रीनंतर अधिक महत्त्वाची वाटू लागली.

पाहुण्या रायडरच्या पद्धतीबद्दल माझे मत इथल्या बऱ्याच जुन्या प्रेक्षकांपेक्षा वेगळे आहे. एखादा प्रमुख रायडर जखमी असेल किंवा दुसऱ्या देशात गुंतला असेल, तर ब्रिटनमध्ये त्याच्या बरोबरीची किंवा कमी गुणांची सरासरी असलेला दुसऱ्या संघाचा रायडर त्या दिवसापुरता उसना घेता येतो. किंवा अनुपस्थित रायडरच्या हीट त्याच्या सहकाऱ्यांत वाटून दिल्या जातात. गेल्या आठवड्यात ज्याच्या नावाने शिमगा केला तोच आज आपल्या रंगात धावतो, हे पाहून बाहेरच्या माणसाला हसू येते आणि निष्ठेची थट्टा झाल्यासारखे वाटते, यात शंका नाही. परंतु सात जणांच्या संघातले दोघे नसतील तर सामना आठव्या हीटलाच निकालात निघेल, आणि ज्या खेळाचे ट्रॅक एकामागून एक बंद होत आहेत (कोव्हेंट्री, स्विंडन, पीटरबरो ही नावे घेतली तरी पुरे) त्याला एकतर्फी संध्याकाळी परवडणाऱ्या नाहीत. माझी हरकत पद्धतीला नसून लपवाछपवीला आहे. जाहिरातीत मोठ्या रायडरचे छायाचित्र झळकते, तो येणार नाही हे क्लबाला दोन दिवस आधी माहीत असते, आणि प्रेक्षकाला ते कळते ते प्रोग्रॅम उघडल्यावर. बदललेली यादी सामन्याच्या सकाळपर्यंत ठळकपणे लावणे एवढे केले, तरी ही तक्रार मी मागे घेईन.

खाण्यापिण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही: चिप्स, बर्गर, चहा, आणि शाकाहारी माणसासाठी पुन्हा चिप्स. मी घरून थालीपीठ बांधून नेतो आणि आजपर्यंत दारावर कोणी हटकलेले नाही. स्वच्छतागृहांची अवस्था नव्या स्टेडियममध्ये चांगली, जुन्या मैदानांत सोसण्याजोगी. जिथे स्पीडवेच्या बाहेरून कुत्र्यांच्या शर्यतीचा ट्रॅक जातो तिथे प्रेक्षक शर्यतीपासून बराच लांब पडतो, म्हणून अशा मैदानावर जास्त पैसे देऊन वरच्या मजल्यावर बसलेले बरे. घरच्या मैदानावर मात्र मी बसण्याची जागा सोडून वळणावरच्या कठड्याशी उभा राहतो. तिथे अंगावर शेलचा मारा होतो, प्रोग्रॅमच्या पानांवर बारीक करडी धूळ बसते आणि शाईचे पेन दुसऱ्या हीटलाच रुसते, म्हणून पेन्सिल आणि जुने जाकीट हवेच.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांना एक सूचना. बहुतेक लोक पंधराव्या हीटनंतर गाड्यांकडे धाव घेतात, पण काही क्लब त्यानंतर शिकाऊ मुलांच्या दोन-चार शर्यती घेतात आणि पिट्सचे दारही उघडतात. तिथे मेकॅनिक चिखल भरलेली बाईक धूत असताना मुलाला हात लावून पाहू देतात, रायडर दमलेले असूनही प्रोग्रॅमवर सही देतात, आणि जिला ब्रेक नाही असे सांगूनही मुलाला पटत नव्हते ती बाईक त्याला समोर पाहता येते. ही सोय आहे हे मात्र लाउडस्पीकरवरून क्वचितच सांगितले जाते. पिट्सच्या फाटकावरच्या स्वयंसेवकालाच विचारावे लागते.